जमिनीचे कागद आणि एका घराण्याचे मूळ

आमच्या धर्मग्राम कार्यालयात अधूनमधून एखादे कुटुंब येते आणि आपल्या पणजोबांच्या स्नानसंस्काराची नोंद शोधून देण्याची विनंती करते. जीर्ण वही उघडली जाते, नाव सापडते, आईवडिलांची नावे सापडतात आणि पाहुण्यांचे चेहरे उजळतात. परंतु कधी कधी वहीतील नोंद घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेलेल्या कथेशी जुळत नाही. कथेतील पूर्वज थोर असतो, वहीतील पूर्वज साधा असतो. अशा वेळी आम्हाला इंग्लंडमधील पास्टन घराण्याची आठवण होते. साडेपाचशे वर्षांपूर्वी त्या घराण्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता आणि त्याच्या उत्तरावर त्यांची सारी मालमत्ता अवलंबून होती.

आपल्याला वंशावळ शोधताना चर्चच्या नोंदवह्यांचा आधार असतो. परंतु अशा वह्या सर्वत्र नियमाने ठेवल्या जाऊ लागल्या त्या सोळाव्या शतकात. इंग्लंडमध्ये १५३८ साली टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमाने त्यांचा आरंभ झाला. कॅथलिक ख्रिस्तसभेत ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली विवाहाची वही ठेवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. त्यापूर्वीच्या इंग्लंडमधील सामान्य जमीनदार कुटुंबाचा माग काढायचा झाल्यास जन्म-विवाहाच्या वह्या हाती लागत नाहीत. मग संशोधक जमिनीकडे वळतो. माणसे जन्मली आणि मेली याची फिकीर राज्याला नव्हती. जमीन कोणाकडून कोणाकडे गेली याची मात्र होती.

या कागदांचे मुख्य प्रकार तीन. पहिला, राजाच्या न्यायालयात झालेल्या जमिनीच्या करारांचा. एकाच चर्मपत्रावर करार तीनदा लिहीत. दोन प्रती दोन्ही पक्षांना देत आणि पायथ्याशी लिहिलेली तिसरी प्रत ११९५ पासून सरकारी खजिन्यात जपून ठेवीत. प्रती नागमोडी रेषेत कापल्या जात, त्यामुळे बनावट प्रत मूळ पायथ्याशी जुळत नसे. दुसरा प्रकार मरणोत्तर चौकशीचा. थेट राजाकडून जमीन धारण करणारा मनुष्य वारला, की राजाचा अधिकारी गावच्या पंचांना बोलावून विचारी : याची जमीन कोणती, वारस कोण, त्याचे वय काय? तेराव्या शतकापासूनची अशी हजारो चौकशीपत्रे आजही उपलब्ध आहेत. तिसरा प्रकार मॅनरच्या न्यायसभेच्या गुंडाळ्यांचा. मॅनर म्हणजे एका जमीनदाराच्या सत्तेखालील शेती, कुळे आणि त्यांची न्यायसभा. या सभेत कुळांच्या जमिनींचे हस्तांतर, भांडणे आणि दंड लिहून ठेवीत.

आमच्या मते या तिसऱ्या प्रकारातच माणसाची खरी अवस्था उघडी पडते. त्या काळी कुळे दोन प्रकारची होती, मुक्त आणि बांधील. बांधील कुळाला मुलीच्या लग्नासाठी जमीनदाराला शुल्क भरावे लागे. तो मेला, की त्याचे सर्वोत्तम जनावर जमीनदाराच्या गोठ्यात जाई. कायद्याच्या दृष्टीने त्याचे सर्वस्व मालकाचेच होते. म्हणून गुंडाळीतील लग्नशुल्काची एक ओळदेखील त्या घराची पायरी सांगून जाते.

आता पास्टनांकडे वळू. नॉरफोक परगण्यात, समुद्राजवळ, पास्टन नावाचे लहानसे गाव आहे. तेथे क्लेमंट पास्टन नावाचा शेतकरी राहत असे. तो १४१९ साली वारला. त्याच्याविषयीचा सर्वात बोलका कागद त्याच्या वंशजांच्या शत्रूने लिहिलेला आहे. त्यात म्हटले आहे की, क्लेमंटपाशी फार तर शंभर-सव्वाशे एकर जमीन होती आणि त्यातील बरीचशी जवळच्या गिमिंगहॅम मॅनरची बांधील जमीन होती. त्याच्याकडे एक लहानशी पाणचक्की होती. तो स्वतः नांगर धरी आणि खोगीर नसलेल्या घोड्यावर धान्याचे पोते खाली घेऊन दळणाला जाई. त्याची पत्नी बांधील कुळातली होती. या क्लेमंटने कर्ज काढून मुलाला शाळेत घातले आणि पुढे मुलाच्या मामाने, जेफ्री सॉमर्टन या वकिलाने, त्याला न्यायालयाची वाट दाखविली.

हे सर्व अपमान करण्याच्या हेतूने लिहिले गेले. परंतु त्या अपमानातच त्या घराण्याच्या उत्कर्षाचे खरे कारण दडलेले आहे. १३४८-४९ च्या महामारीने इंग्लंडची गावे ओस पाडली होती. त्यानंतर जमीन स्वस्त झाली, मजुरी वाढली आणि कष्टाळू शेतकऱ्याला वर येण्यास वाव मिळाला. क्लेमंटचा मुलगा विल्यम कायदा शिकला आणि १४२९ साली न्यायाधीश झाला. त्याने कमाई जमिनीत घातली. १४२७ साली त्याने ग्रेशमचे मॅनर विकत घेतले. विकणारा होता कवी जेफ्री चॉसर याचा पुत्र टॉमस. विल्यम १४४४ साली वारला, तेव्हा नांगरधाऱ्याचा मुलगा अनेक मॅनरांचा धनी झाला होता.

मात्र नव्या धनिकाची जमीन सर्वांच्या डोळ्यांत खुपते. १४४८ साली लॉर्ड मोलीन्स याने ग्रेशम बळकावले. विल्यमचा मुलगा जॉन दाद मागण्यासाठी धडपडत राहिला. त्याची पत्नी मार्गरेट पुढे ग्रेशममधील एका घरात पाय रोवून राहिली. जानेवारी १४५० मध्ये मोलीन्सच्या सुमारे हजार माणसांनी ते घर वेढले, तिच्या खोलीच्या भिंती खणून पाडल्या आणि तिला उचलून बाहेर काढले. हीच मार्गरेट काही वर्षांपूर्वी, पती आजारी असता, त्याच्यासाठी वॉल्सिंगहॅमच्या पवित्र मातेच्या यात्रेला जाण्याचा नवस बोलली होती. जमिनीच्या कागदांत तिचे नाव फारसे येत नाही; परंतु ज्या जमिनीविषयी ते कागद आहेत, तिचे रक्षण तिने केले.

१४५९ साली निपुत्रिक सर जॉन फास्टॉल्फ वारला. मृत्यूच्या दोन दिवस आधीच्या मृत्युपत्राचा आधार घेऊन जॉन पास्टनने त्याच्या केस्टर किल्ल्यासह विस्तीर्ण मालमत्तेवर हक्क सांगितला. त्यामुळे बलाढ्य शत्रू निर्माण झाले आणि त्यांनी घराण्याच्या मुळावरच घाव घातला. पास्टन बांधील कुळातले आहेत, असा आरोप झाला. हा निव्वळ मानापमानाचा प्रश्न नव्हता. आरोप सिद्ध झाला असता, तर त्यांच्या सर्व मालमत्तेवर मालकाला हक्क सांगता आला असता. जॉन फ्लीटच्या तुरुंगात गेला आणि मे १४६६ मध्ये वारला. ज्या ब्रॉमहोम मठात पवित्र क्रूसाच्या तुकड्याच्या दर्शनासाठी यात्रेकरू येत, तेथे त्याला पुरण्यात आले.

त्याच वर्षी जुलैमध्ये घराण्याने राजा चौथा एडवर्ड याच्यापुढे जुने दस्त आणि न्यायसभेच्या गुंडाळ्या मांडल्या. राजाने निवाडा दिला : पास्टन हे नॉर्मन विजयापासूनचे कुलीन होत, पास्टन गावात त्यांची पूर्वापार स्वतःची न्यायसभा आणि स्वतःची बांधील कुळे होती. ज्यांच्या आजीला बांधील म्हणून हिणवले गेले, त्यांनी आपणच बांधील कुळांचे मालक असल्याचे सिद्ध केले!

त्या पुराव्यांपैकी बरेचसे बनावट असावेत, असे अनेक इतिहासकारांना वाटते. येथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. मध्ययुगात ‘पास्टनचा अमुक’ असे लिहिलेला मनुष्य केवळ त्या गावचा रहिवासी असू शके. जुन्या दस्तात गावाचे नाव मिळाले म्हणजे आपला पूर्वज मिळाला असे नव्हे. कसलेला संशोधक ज्ञात पिढीपासून एकेक पायरी मागे जातो. बाप आणि मुलगा यांना जोडणारी जमीन सापडेपर्यंत तो पुढची पायरी चढत नाही. पास्टनांनी याच्या उलट केले. त्यांनी वरून, विजेत्यांच्या काळापासून, खाली शिडी सोडली.

निवाड्यानेही त्यांना शांती मिळाली नाही. १४६९ साली नॉरफोकच्या ड्यूकने सुमारे तीन हजार माणसांनिशी केस्टरला वेढा घालून तो किल्ला घेतला. ड्यूक वारल्यावर, १४७६ साली, तो परत मिळाला. पुढे घराणे उमराव झाले आणि १७३२ साली यार्मथच्या दुसऱ्या अर्लबरोबर त्याची पुरुषशाखा संपली. मागे उरला तो पत्रांचा आणि दस्तांचा अमोल संग्रह. त्यातील पत्रे १७८७ पासून प्रसिद्ध होऊ लागली. आज त्यांचा मोठा भाग ब्रिटिश लायब्ररीत आहे.

राजाचा निवाडा आणि शत्रूचा कागद, दोन्ही हेतूने लिहिलेले. एकाला घराणे उंच करायचे होते, दुसऱ्याला खाली ओढायचे होते. तरीही आज आम्ही ते दोन्ही समोर ठेवतो, तेव्हा मन शत्रूच्या कागदापाशी रेंगाळते. निवाड्यातील थोर पूर्वजांनी काय केले ते आम्हाला समजत नाही. क्लेमंटने काय केले ते मात्र समजते : त्याने नांगर धरला, दळण वाहिले आणि कर्ज काढून मुलाला शिकविले. ज्या माणसाला लपविण्यासाठी एवढे दस्त जमविले गेले, त्याच माणसाने ते घराणे उभे केले होते.

म्हणून कार्यालयातील वही पाहून एखादे कुटुंब हिरमुसले झाले, की आम्ही त्यांना क्लेमंटची गोष्ट सांगतो आणि ती साधी नोंद पुन्हा एकदा सावकाश वाचावयास सांगतो.