‘ढ’ कोणाला म्हणावे?

मराठी शाळेत मंद विद्यार्थ्याला ‘ढ’ म्हणण्याची जुनी रीत आहे. ब्राह्मी लिपीपासून आजच्या देवनागरीपर्यंत इतर अक्षरे आपली रूपे बदलीत आली. ‘ढ’ मात्र जवळजवळ होता तसाच राहिला, आणि म्हणून ज्याच्यात काही फरक पडत नाही त्याला ‘ढ’ म्हणू लागले, अशी या शब्दाची उपपत्ती सांगतात. ती खरी असो वा केवळ चतुर असो. तिच्यात एक गृहीत मात्र दडलेले आहे. बुद्धी ही जन्मतःच मोजून दिलेली वस्तू असून ती पुढे बदलत नाही, हे ते गृहीत होय. या गृहीताशी ज्याने शास्त्राच्या बळावर झुंज दिली, आणि ज्याच्याच साधनाचा उपयोग पुढे ते गृहीत पक्के करण्याकडे झाला, त्या आल्फ्रेद बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाची कथा आज सांगावयाची आहे.

बिनेचा जन्म 1857 साली नीस येथे झाला. आरंभी त्याने कायद्याचा अभ्यास केला, परंतु मन रमले ते मानसशास्त्रात. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात शार्को या विख्यात वैद्याच्या हाताखाली तो संमोहनाचे प्रयोग करू लागला. लोहचुंबक फिरवून संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे नेता येतात, असे त्याने आणि त्याचा सहकारी फेरे याने प्रतिपादन केले. बेल्जियममधील देलबफ या विद्वानाने दाखवून दिले की, हा प्रताप चुंबकाचा नसून प्रयोगकर्त्यांच्या अपेक्षेचा आहे. रुग्णाला ती अपेक्षा कळते आणि तो तसा वागतो. बिनेला अखेर हे मान्य करावे लागले. एखाद्या दुर्बल मनाच्या माणसाचे या मानभंगाने खच्चीकरण झाले असते. बिनेने त्यातूनच पुढील संशोधनाचा विषय काढला. शाळकरी मुलांची उत्तरे शिक्षकाच्या शब्दाने, सूचनेने, किंबहुना प्रश्नाच्या घडणीनेही कशी वाकतात, यावर त्याने 1900 साली एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. गुरूची अपेक्षा शिष्याच्या मनात शिरते, हे सत्य त्याला असे अनुभवाने उमगले होते.

दुसरी प्रयोगशाळा त्याच्या घरीच होती. आपल्या दोन मुलींच्या विचारांची घडण त्याने वर्षानुवर्षे न्याहाळली आणि 1903 साली मार्गरीत व आर्मांद या कल्पित नावांनी ती ग्रंथरूपाने मांडली. एकीची दृष्टी वस्तूवर खिळणारी, नेमकी. दुसरीची कल्पनेच्या मागे धावणारी. एकाच घरात, एकाच संस्कारात वाढलेल्या या दोन बहिणींत अधिक बुद्धिमान कोण, हा प्रश्नच त्याला गौण वाटू लागला. विचार करण्याच्या रीती अनेक आहेत, हे त्याचे खरे निरीक्षण.

इतक्यात सरकारी गरज उभी राहिली. फ्रान्समध्ये 1882 च्या कायद्याने प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाले होते. सर्व मुले शाळेत आली, आणि त्यांतील काही मागे पडत आहेत हेही दिसू लागले. त्यांच्यासाठी काय करावे, हे ठरविण्याकरिता शिक्षणमंत्र्यांनी 1904 साली एक समिती नेमली. बिने तिचा सभासद होता. विशेष वर्गात कोणाला पाठवावे, हा निर्णय शिक्षकाच्या लहरीवर किंवा वैद्याच्या अंदाजावर सोडणे त्याला धोक्याचे वाटले. म्हणून 1905 साली त्याने तेओदोर सिमाँ या तरुण वैद्याच्या साहाय्याने तीस कसोट्यांची एक श्रेणी तयार केली. पेटलेल्या काडीचा नजरेने पाठलाग करणे ही पहिली कसोटी. अमूर्त शब्दांच्या अर्थांतील भेद सांगणे ही शेवटची. 1908 च्या आवृत्तीत कसोट्या वयानुसार लावल्या गेल्या आणि ‘मानसिक वय’ ही कल्पना पुढे आली.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घेतली पाहिजे. लांबी मोजावी तशी बुद्धी या श्रेणीने मोजता येते, असे बिनेने कधीही म्हटले नाही. हे मूल आज कोठे उभे आहे आणि त्याला कशाची मदत हवी, एवढेच त्याला शोधावयाचे होते. 1909 साली प्रसिद्ध झालेल्या मुलांविषयीच्या ग्रंथात त्याने, बुद्धी कायमची ठरलेली असते असे मानणाऱ्यांच्या निराशावादावर कठोर टीका केली. विद्यार्थिदशेत एका परीक्षकाने आपल्याविषयीही असाच कायमचा निकाल दिला होता, ही आठवणही त्याने तेथे नोंदविली आहे.

केवळ टीका करून तो थांबला नाही. मागे पडलेल्या मुलांसाठी त्याने ‘मानसिक अस्थिसुधार’ असे ज्याचे वर्णन करता येईल तो अभ्यासक्रम सुचविला. वाकडा कणा जसा व्यायामाने सरळ करावयाचा, तसेच अवधान, स्मृती आणि इच्छाशक्ती यांना वळण लावावयाचे. इशारा होताच सर्वांनी पुतळ्यासारखे निश्चल राहावयाचे. काही वस्तू क्षणभर पाहून त्या आठवून लिहावयाच्या. खेळच हे, पण प्रत्येक दिवशी कालच्यापेक्षा थोडे अधिक साधले, हे मुलाला स्वतःच्या डोळ्यांनी दिसे. व्याकरण आणि गणित यांच्या आधी या मुलांना शिकावे कसे हे शिकविले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

1911 साली, वयाच्या अवघ्या 54 व्या वर्षी, बिने निवर्तला. त्यानंतर श्रेणी राहिली, तिच्यामागचा हेतू गळून पडला. 1912 साली जर्मनीत विल्यम स्टर्नने मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून एक गुणांक काढण्याची युक्ती सुचविली. अमेरिकेत गॉडार्डने ती श्रेणी आणली. स्टॅनफर्डच्या टर्मनने 1916 साली तिचे नवे संस्करण केले. बुद्धी प्रामुख्याने आनुवंशिक असते, अशी या दोघांची धारणा होती. 1917 नंतर सुमारे साडेसतरा लाख अमेरिकन सैनिकांची सामुदायिक चाचणी झाली. वॉल्टर लिपमन या पत्रकाराने 1922 साली टर्मनच्या दाव्यांवर कडाडून हल्ला चढविला, तरी लोंढा थांबला नाही. इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर मुलांच्या वाटा वेगळ्या होऊ लागल्या. त्या विचाराचा एक आधारस्तंभ असलेल्या सिरिल बर्ट यांच्या आकडेवारीच्या विश्वासार्हतेविषयी, 1971 साली त्यांचे निधन झाल्यानंतर, गंभीर संशय व्यक्त झाला.

आपल्याकडेही ही श्रेणी आली. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी तिचे रूपांतर केले व आपले निष्कर्ष 1940 साली इंग्रजी ग्रंथात मांडले. परक्या भाषेतील प्रश्न आपल्या मुलांच्या अनुभवाशी जुळवून घेण्याचे ते काम चिकाटीचे होते.

कचेरीत आयुष्य घालविणाऱ्या माणसाला या इतिहासात नवल वाटत नाही. वर्गीकरणावाचून राज्यकारभार चालत नाही, हे तो जाणतो. आणि फायलीवर एकदा लिहिलेले शीर्षक आतील कागद बदलले तरी सहसा बदलत नाही, हेही तो जाणतो. फ्रान्सच्या मंत्रालयाला मदतीची यादी हवी होती. त्या यादीचे शीर्षक मुलांच्या कपाळी कायमचे लागले.

अलीकडे बिनेच्या विचाराकडे पुन्हा लक्ष वळले आहे. कॅरोल ड्वेक या अमेरिकन विदुषीने 2006 च्या आपल्या ग्रंथात, बुद्धी वाढते असे मानणारे मन आणि ती गोठलेली आहे असे मानणारे मन यांतील अंतर लोकांपुढे मांडले. परंतु येथेही उत्साहाला लगाम हवा. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या, अमेरिकेतील सुमारे बारा हजार विद्यार्थ्यांच्या पाहणीत, एका तासाहूनही कमी वेळाच्या अशा उपदेशपाठाने मागे पडलेल्या विद्यार्थ्यांचे गुण वाढले खरे, पण ती वाढ लहान होती. आणि जेथे सोबत्यांचे वातावरण आव्हान स्वीकारण्याला अनुकूल होते तेथे ती अधिक दिसली. ‘तू हुशार होशील’ एवढे म्हणून भागत नाही, असाच याचा अर्थ. बिनेने मुलांना दिलासा दिला, पण त्यासोबत रोजचा व्यायाम दिला, लहान वर्ग मागितला, आणि शिक्षकाच्या नजरेत बदल मागितला.

आपल्या देशात सक्तीच्या व मोफत शिक्षणाचा कायदा 2009 साली झाला. फ्रान्समध्ये 1882 नंतर उभा राहिलेला प्रश्न आज आपल्या प्रत्येक वर्गात बसला आहे. घरात अक्षराची ओळख नसलेली पहिल्या पिढीची मुले शाळेत आली आहेत. त्यांची परीक्षा अवश्य घ्यावी. वैद्यही नाडी पाहतोच. मात्र नाडी पाहून जो औषध देत नाही, केवळ निदान लिहून ठेवतो, त्याला आपण वैद्य म्हणत नाही. ‘ढ’ हे अक्षर शतकानुशतके बदलले नसेल. परंतु ते अक्षर ज्याच्या नावापुढे आपण लिहितो ते मूल रोज बदलत असते, आणि त्या बदलाला दिशा देणे हेच शाळेचे काम आहे.