पराशर तलावाचा ट्रेक: एका दिवसात जाऊन येणं शक्य आहे का?

हिरव्या कुरणांच्या खोलगट वाटीत निळसर तलाव, काठावर पॅगोडासारखं लाकडी मंदिर आणि मागे धौलाधारची बर्फाच्छादित शिखरं. पराशर तलावाचे असे रील्स सतत व्हायरल होतात. पण रीलमध्ये तिथवरची चढाई दिसत नाही.

तलाव कुठे आहे?
हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यात, सुमारे २,७३० मीटर उंचीवर. महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे हा तलाव त्याहून हजार मीटरपेक्षाही उंच आहे.

चढाई किती अवघड?
मध्यम. बागी गावातून एका बाजूने साधारण ७-८ किलोमीटरची वाट आहे. आधी ओढा, मग जंगल आणि शेवटी मोकळी कुरणं. वर जायला चार-पाच तास लागतात. त्यामुळे एका दिवसात परतायचं असेल तर पहाटेच निघायला हवं. चढ झेपणार नसेल, तर तलावाजवळपर्यंत गाडीरस्ताही आहे.

तलावात बेट खरंच तरंगतं का?
हो. गवत, मुळं आणि कुजलेल्या वनस्पतींच्या थरांपासून ते बनलं आहे. त्यामुळे ते पाण्यावर तरंगतं आणि जागा बदलतं. भीमाने कोपर टेकवल्याने तलाव तयार झाला, अशी आख्यायिका सांगितली जाते. मंदिर व्यासांचे पिता पराशर ऋषींचं आहे. भाविकांसाठी तलाव पवित्र असल्याने पाण्यात उतरू नये.

कधी जावं?
एप्रिल ते जूनची सुरुवात किंवा सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर. हिवाळ्यात वाट बर्फाखाली जाते. पावसाळा मात्र टाळाच. जून २०२३ मध्ये बागी परिसरात अचानक पूर आला, रस्ता बंद झाला आणि दोनशेहून अधिक जण अडकले होते.

काय लक्षात ठेवाल?
- निघण्यापूर्वी हवामानाचा इशारा तपासा.
- आदल्या रात्री मंडी किंवा बागी परिसरात मुक्काम करा.
- रेनकोट, गरम कपडे, टॉर्च, पाणी आणि खाऊ सोबत ठेवा.
- डोकेदुखी, मळमळ वाढली तर आणखी वर चढू नका, खाली उतरा.
- दुपारी एकपर्यंत तलाव गाठला नाही, तर जिथे असाल तिथून परत फिरा. जंगलात अंधार लवकर पडतो.

तलाव पुढच्या वर्षीही तिथेच असेल. रील अर्धवट राहिली तरी चालेल.