‘तो कोणाचा?’ : हेरकथेचा मराठी वाचक आणि निष्ठेचा प्रश्न

मराठी रहस्यकथेचा इतिहास लिहिताना आपण लेखकांची नावे आणि पुस्तकांची संख्या सांगून थांबतो. बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. गुरुनाथ नाईक यांच्या पुस्तकांची संख्याही हजारापुढे गेली. परंतु ज्यांनी ही पुस्तके वाचली त्यांना त्यांत काय दिसले, हा प्रश्न समीक्षेने क्वचितच विचारला. ‘रंजनपर’ हे विशेषण एकदा लावले की वाचकाचे मत विचारात घेण्याचे कारण उरत नाही, असा समज त्यामागे आहे. प्रस्तुत निबंधात हेरकथेपुरता या समजाचा पुनर्विचार करावयाचा आहे.

उंबेर्तो एको यांनी इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांची रचना द्वंद्वांच्या मालिकेत उलगडून दाखविली. नायक आणि खलनायक, निष्ठा आणि द्रोह, स्वदेश आणि परदेश ही द्वंद्वे स्थिर असतात. वाचकाला शेवट ठाऊक असतो आणि त्या ठाऊक असण्यातच त्याचा आनंद असतो. नाईकांचा कॅप्टन दीप या लष्करी हेराच्या कथा बहुतांशी याच साच्यातल्या आहेत. १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांनी घडविलेल्या पिढीला शत्रू कोण हे सांगावे लागत नव्हते. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर वाचकाचे ‘अपेक्षांचे क्षितिज’ लेखकाच्या आधीच इतिहासाने आखून दिलेले होते.

ही द्वंद्वेच ढासळतात अशा कादंबरीपुढे या वाचकाचे काय होते? जॉन ल कारे यांची ‘द लिटल ड्रमर गर्ल’ (१९८३) ही अशी कादंबरी आहे. चार्ली या इंग्रज अभिनेत्रीला इस्रायली गुप्तहेर खाते आपल्या कामासाठी तयार करते. मिशेल नावाच्या पॅलेस्टिनी तरुणाची ती प्रेयसी होती, असे बनावट आयुष्य तिच्यासाठी रचले जाते. हेतू हा, की त्याच्या थोरल्या भावापर्यंत पोहोचता यावे. मिशेलची भूमिका तिच्यापुढे वठवितो तो जोसेफ हा इस्रायली हेर. पॅलेस्टिनी माणसाचे दुःख, त्याचे हरवलेले गाव, त्याचा संताप हे सारे शत्रूच्याच तोंडून आणि इतक्या प्रत्ययकारी रीतीने येते, की सोंग कोठे संपले हे चार्लीला कळत नाही. वाचकालाही कळत नाही. या कादंबरीवर पॅलेस्टिनींविषयी अवाजवी सहानुभूती दाखविल्याचा आक्षेप घेतला गेला. तो घेणाऱ्या वाचकांना पुस्तक कळले नव्हते असे मानण्याचे कारण नाही. जे अस्वस्थ करते ते त्यांनी नेमके ओळखले होते, इतकेच.

मराठी वाचकाकडे या अस्वस्थतेसाठी शब्द आहेत काय? ते आहेत, आणि पुष्कळ आहेत. ‘हेर’ हा ‘हेरणे’ या क्रियापदाशी जोडलेला, म्हणजे केवळ पाहणारा. त्यात निंदा नाही. शिवकालीन ‘नजरबाज’ही असाच डोळ्यांवरून आलेला. ‘जासूद’ पेशवाईत टपाल नेई आणि बातमीही आणी. ‘बातमीदार’ हा शब्द तर पुढे वृत्तपत्राच्या कचेरीत जाऊन प्रतिष्ठित झाला. याउलट ‘खबऱ्या’, ‘फितूर’, ‘घरभेदी’ हे शब्द उच्चारताच निवाडा होऊन जातो. काम तेच, शब्द बदलतो तो बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे त्यावरून. कौटिल्याने तर दोन्ही बाजूंचे वेतन घेणाऱ्यासाठी ‘उभयवेतन’ अशी स्वतंत्र संज्ञाच योजली. राज्यशास्त्राला जो प्रश्न व्यवहाराचा वाटला, तो कादंबरीच्या वाचकाला नैतिक वाटतो.

हा भेद मराठवाड्यात केवळ कोशगत नाही. हिंगोली जिल्ह्यातील (१९९९ पूर्वी परभणी जिल्ह्यातील) कळमनुरी तालुका हा निजामाच्या राज्याचा सीमाभाग होता. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड. १९४७-४८ मध्ये हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे सशस्त्र कॅम्प सरहद्दीलगत उभे राहिले, त्यांतील एक नदीपलीकडे उमरखेडला होता. नदी ओलांडून येणाऱ्या माणसाला भाकरी देणारे घर आणि त्याची खबर ठाण्यावर पोहोचविणारे घर एकाच गल्लीत असू शकत होते. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ या पाच दिवसांच्या पोलीस कारवाईने राज्य बदलले. त्याबरोबर शब्दही बदलले. कालचा राजद्रोही स्वातंत्र्यसैनिक झाला आणि कालचा सरकारनिष्ठ फितूर ठरला.

कळमनुरी तालुक्यातीलच डोंगरकडा येथील एका वृद्ध वाचकाला मी ल कारे यांची ही कथा तोंडी सांगितली. अर्नाळकरांचा काळापहाड आणि झुंजार यांवर वाढलेला हा वाचक. इंग्रजी त्याला येत नाही. मिशेलचे सोंग वठविणाऱ्या जोसेफविषयी त्याने एवढेच विचारले, “शेवटी तो कोणाचा, हे त्याला तरी ठाऊक होतं का?” थोड्या वेळाने, मी न विचारताच, तो म्हणाला, “आमच्याकडंही होते तसे. नावं नाही सांगायची. त्यांची नातवंडं आहेत गावात.” एका वाचकावरून सिद्धान्त मांडता येत नाही, हे मान्य. परंतु चार्लीची कोंडी या वाचकाने पहिल्याच प्रश्नात पकडली, आणि ती पकडण्याचे सामर्थ्य त्याला साहित्यशास्त्राने नव्हे, गावाच्या मौनाने दिले होते.

मराठी वाचक एकसंध नाही, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. कोकणातून इस्रायलला गेलेल्या बेने इस्रायलींनी तेथे ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिक चालविले. ल कारे यांची कादंबरी अशा घरात वाचली गेली, तर पॅलेस्टिनी पात्र आणि इस्रायली हेर यांचे अंतर तेथे वेगळ्या मापाने मोजले जाईल. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली आणि १९९२ मध्ये इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. या दोन वर्षांच्या अलीकडचा आणि पलीकडचा वाचकही एकच नव्हे. भाषा एक असूनही क्षितिजे अनेक असू शकतात.

तेव्हा लोकप्रिय साहित्याचा वाचक साच्याला वश झालेला असतो हे गृहीतक तपासून घ्यावे लागेल. साचा त्याला आवडतो, कारण त्यात निवाडा सोपा असतो. परंतु आयुष्यातला निवाडा सोपा नव्हता हे तो विसरलेला नसतो. कदाचित म्हणूनच त्याला साचा हवासा वाटतो. रहस्यकथांच्या वाचकांची मते कागदावर फारशी उतरली नाहीत. ती आहेत ती वृद्ध होत चाललेल्या माणसांच्या स्मरणात. पदव्युत्तर प्रबंधांसाठी विषय शोधणाऱ्यांनी या माणसांकडे जावे, पण जाताना एक भान ठेवावे. त्यांच्या उत्तरांइतकेच, ज्या नावांपाशी ते थांबतात ते थांबणेही नोंदवावे. आणि ती नावे मात्र विचारू नयेत.