टेबलावरचे रान आणि पुण्याचा गेंडा

अठराव्या शतकातील इंग्रज चित्रकारांच्या निसर्गदृश्यांत ओढ्यावर पाणी पिणारी गुरे, मेंढपाळ, बाजाराला निघालेल्या गाड्या हमखास दिसतात. तेव्हाचे खेडे जसेच्या तसे समोर आले, असे आपल्याला वाटते. पण टॉमस गेन्सबरो (१७२७-१७८८) या नामवंत चित्रकाराची काही दृश्ये घरातल्या टेबलावर रचलेली होती. कोळशाचे तुकडे हे खडक, शेवाळ ही झुडपे आणि ब्रोकोली ही दूरची झाडी! चित्र सुंदर होई. पण त्यावरून एखाद्या गावची वनस्पती ठरवू गेल्यास फसगत होईल.

प्राण्यांच्या बाबतीतही असेच घडले. जर्मन चित्रकार ड्यूररने १५१५ मध्ये गेंडा न पाहता, केवळ वर्णन व कच्च्या रेखाटनावरून चितारला. त्याच्या पाठीवर एक जादा शिंग आले. पुढे दोन शतकांहून अधिक काळ युरोपात याच चित्राच्या नकला होत राहिल्या.

आता पुण्याकडे वळू. कंपनीचा वकील चार्ल्स मॅलेट १७८६ मध्ये पेशवे दरबारी आला. त्याच्यासाठी गंगाराम चिंतामण तांबट या मराठी चित्रकाराने १७९० मध्ये सवाई माधवरावांच्या शिकारखान्यातील गेंडा रेखाटला. मॅलेटच्या चित्रकामासाठी पुढे पुण्यात आलेला स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स तेव्हा हिंदुस्थानात पोहोचलाही नव्हता. त्याच सुमारास लंडनमध्ये जॉर्ज स्टब्ज हाही शल्यविशारद जॉन हंटरसाठी जिवंत गेंड्याचे चित्र काढत होता. गंगारामाचे चित्र आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहे.

मग १७९० मध्ये दख्खनच्या रानात गेंडे होते, असे म्हणावे का? नाही. हा गेंडा बाहेरून आणून पाळलेला होता. समोर बसून काढलेले चित्र प्राण्याच्या आकाराविषयी सांगते. त्याच्या वसतिस्थानाविषयी नव्हे. म्हणून जुन्या चित्राला तीन प्रश्न विचारावेत: चित्रकाराने ते स्वतः पाहिले का? कोठे पाहिले? आणि कोणासाठी काढले?

हा धडा वर्गातही देता येईल. कोल्हापूरकडे म्हैस कोणी पाहिलेली नाही? विद्यार्थ्यांना तिचा पाय आधी आठवणीने काढू द्या, मग गोठ्यात बसून. जमिनीवर टेकणारे खूर किती, हे मोजायला सांगा. दोन्ही चित्रांखाली तारीख आणि ठिकाण लिहायला मात्र विसरू नका.