गुळव्याचा हात आणि शास्त्राचे समीकरण

खटाव-माण काय किंवा कराड-वाळवे काय, गुऱ्हाळ ज्याने पाहिले नाही असा माणूस आपल्या भागात विरळा. काहिलीत रस उकळत असतो. गुळव्या थोडा पाक थंड पाण्यात सोडतो, बोटांनी चाचपतो आणि म्हणतो, "झालं, उतरवा." पाकाच्या दाटपणावरून गूळ कसा उतरेल हे तो ओळखतो. रसायनशास्त्रज्ञालाही असाच अंदाज हवा असतो. पण त्याला जो द्रव अजून हाती आलेला नाही, त्याचेही गुण आधी सांगावे लागतात.

ते कशासाठी? कारखाना उभारायचा म्हणजे नळ किती रुंद, मनोरा किती उंच, हे अगोदर ठरवावे लागते. त्यासाठी मिश्रण किती दाट, त्यातून उष्णता किती वाहते, एक पदार्थ दुसऱ्यात किती वेगाने पसरतो, हे आकडे लागतात. मग मोजून का घेऊ नयेत? हिशेब करून पाहा. नुसते शंभर द्रव घेतले तर जोड्या होतात ४,९५० आणि तीन-तीनांची त्रिकुटे १,६१,७००. शिवाय प्रत्येक तपमानाला नि प्रमाणाला आकडा निराळा. मोजणार कोण नि कधी?

हॉलंडच्या व्हॅन डर वाल्सने १८७३ साली वाट दाखविली. रेणूंना आकार असतो व ते एकमेकांना ओढतात, एवढे धरून त्याने वायू व द्रव या दोहोंना लागू पडणारे समीकरण मांडले. पुढे १९०५ साली आइन्स्टाइनने विसरणाचा, म्हणजे पसरण्याचा, नियम दिला: द्रव तापलेला तर विसरण जलद, द्रव दाट किंवा कण मोठा तर मंद. न ढवळता साखरेला पाण्यात बोटभर रुंदीचे अंतर पसरायला सुमारे एक दिवस लागतो, तो ह्यामुळेच.

१९५५ साली अमेरिकेत विल्क आणि चँग यांनी कारखान्याच्या उपयोगी पडेल असे सूत्र बसविले. पण त्यात प्रत्येक द्रावकासाठी एक खास अंक लागे, पाण्याला २.६, मिथेनॉलला १.९. नव्या द्रावकाचा अंक ठाऊक नसला की गाडी अडलीच!

ही अडचण पुण्यात हाती घेतली गेली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. तेथील रेड्डी आणि दोरायस्वामी यांनी १९६७ साली नवे सूत्र प्रसिद्ध केले. त्यांनी तो खास अंक काढूनच टाकला आणि त्याच्या जागी दोन्ही पदार्थांच्या रेणूंचे आकारमान घातले. द्रावकाचे आकारमान दुसऱ्याच्या दीडपटीहून जास्त असेल तर एक स्थिरांक, नसेल तर दुसरा. झालं! हे सूत्र अचूक नव्हे. अंदाज तो अंदाजच, म्हणून अभियंता थोडी जागा राखूनच आराखडा करतो. परंतु उद्योग नव्याने उभारणाऱ्या देशाला आपला आकडा आपण काढता येणे, ही लहान गोष्ट नव्हती. हेच दोरायस्वामी पुढे १९७८ ते १९८९ पर्यंत त्या प्रयोगशाळेचे संचालक होते.

शिक्षकबंधूंनी वर्गात एवढे करावे. थंड पाणी, गरम पाणी नि काकवी अशा तीन पेल्यांत शाईचा एकेक थेंब सोडावा. मात्र थेंब सोडण्याआधी मुलांना विचारावे, "कुठं लवकर पसरेल? आणि का?" पाहण्याआधी कारणासह सांगता येणे, शास्त्राची सुरुवात तिथूनच होते.