मोडशी

1543 साली गोव्यात एक साथ आली. उलट्या, जुलाब, हातापायाला गोळे आणि काही तासांत खेळ खलास. पोर्तुगीज इतिहासकार गास्पार कोरेया लिहितो, की मेलेल्यांसाठी चर्चच्या घंटा इतक्या वाजू लागल्या की लोकांचा धीर सुटू नये म्हणून गव्हर्नरने घंटा वाजवायलाच मनाई केली. साथ हटेना, मग निदान तिचा आवाज तरी बंद! राज्यकर्त्यांची ही खोड जुनीच दिसते.

रोगाचं नाव कोरेयाने स्थानिकांकडूनच उचललं. वीस वर्षांनी, 1563 मध्ये, गार्सिया द ओर्ताचा औषधींवरचा ग्रंथ गोव्यातच छापला गेला. मुंबई बेट खंडाने घेतलेला हाच तो पोर्तुगीज वैद्य. इथले लोक या दुखण्याला ‘मोर्शी’ म्हणतात आणि आम्ही त्याचं बिघडवून ‘मोर्देशी’ करतो, असं त्याने सरळ लिहून टाकलं. ही आपली मोडशी. माणूस पार मोडून पडतो, म्हणून ‘मोडणे’वरून हे नाव, अशी व्युत्पत्ती सांगतात. इथले वैद्य रोग्याला मिरी-जिरं घातलेली पेज पाजतात, हेही ओर्ता नोंदवतो. अंगातलं पाणी भरून काढणाऱ्या त्या पेजेला आज कोणी हसणार नाही. पायाला डागण्याही देत. त्यांचा काय उपयोग होत असेल, देव जाणे.

पुढे पोर्तुगीजांचं ‘मोर्देशीं’ फ्रेंचांच्या कानी पडलं. त्यांना त्यात आपलेच शब्द ऐकू आले: ‘मोर द शियाँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण. अर्थ इतका चपखल बसला की मूळ शोधायची गरजच कोणाला वाटली नाही. अठराव्या शतकात हिंदुस्थानातले इंग्रजही हेच नाव लिहू लागले. युल आणि बर्नेल यांनी 1886 च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात या कुत्र्याचा माग काढत तो कोकणी-मराठी मोडशीपर्यंत आणून सोडला.

इकडे 1817 मध्ये बंगालात उसळलेली कॉलऱ्याची साथ वर्षभरात मुंबईला पोचली. त्या रोगाला मराठीत पटकी, महामारी, जरीमरी अशी नावं रुळली, नंतर कॉलरा हे नावही आलं. मोडशीच्या वाट्याला उरलं ते अपचन. लग्नाच्या पंगतीत हात आखडता न घेणाऱ्याला ती होते आणि आल्या-लिंबाच्या रसावर बरीही होते.