बैलगाडीवरचा 'ॲपल' आणि धारूरची बैलगाडी

बैलगाडीवर ठेवलेल्या उपग्रहाचा तो फोटो मोबाइलवर पुन्हा पुन्हा फिरतो. खाली मजकूर असतो, गरीब देशाने उपग्रह बैलगाडीतून उड्डाणतळावर नेला. आम्ही धारूरची माणसं. बैलगाडी आम्हाला फोटोत बघावी लागत नाही. तेव्हा या मजकुराची झाडाझडती आम्हीच घ्यावी.

तो उपग्रह 'ॲपल'. १९ जून १९८१ रोजी युरोपच्या एरियान रॉकेटने दक्षिण अमेरिकेतल्या कुरू इथून तो सुटला. समुद्रापार बैलगाडी जाईल कशी? गाडी लागली ती इथे, भारतात, अँटेनाच्या चाचणीसाठी. धातूच्या वाहनाने चाचणीत अडथळा आला असता, लाकडी गाडीने तो टळला. म्हणजे ती निवड गरिबीची नव्हती, डोक्याची होती. (थुंबाला साठच्या दशकात रॉकेटचे भाग सायकलवरून नेले, ती मात्र खरीच तंगी.)

मग गाडीचं एवढं कौतुक कुणाला? जे ती हाकत नाहीत त्यांना. खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सुनावलं होतंच.

'ॲपल'ची गाडी चाचणीपुरती होती. आमच्या तालुक्यातली जोडपी मुकादमाची उचल घेऊन आजही दसरा-दिवाळीला कारखान्यांकडे निघतात. कुणी ट्रकवर ऊस भरतं, कुणी बैलगाडीनं वाहतं. सोबत गेलेल्या पोरांची शाळा सुटते. ती गाडी पाचटाच्या कोपीपुढे उभी असते, कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत. तिचा फोटो कुणी पुढे पाठवत नाही.